न बांधलेल्या लोंब्या

दसऱ्याच्या आधी एके दिवशी सकाळी मी लालबागला जाऊन उभी राहते. गावाहून येणारी लक्झरी तिथे थांबते. क्लीनर डिकी उघडतो आणि माझं बोचकं माझ्या हातात देतो. त्यात भावाने पाठवलेली कापडी पिशवी असते, पिशवीत हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताचे नवे तांदूळ. आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्यांच्या दोन जुड्या, आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं घालून बांधलेल्या. एक जुडी माझ्या दाराची. दुसरी गिरगावच्या दाराची.

गिरगावचं दार म्हणजे मालकांचं दार. गावी आम्ही जी शेती करतो ती आमची नाही, त्यांची आहे. माझे आजोबा ती करत, मग वडील, आता भाऊ करतो. मालकांचं कुटुंब फार पूर्वी मुंबईला आलं आणि इथलंच झालं. आमच्याकडे भात पिकलं की घराच्या दाराला लोंब्या बांधतात, त्याला नवं बांधणं म्हणतात. आमच्या घरची रीत अशी, की आधी मालकांच्या दाराला नवं लागायचं आणि मग आपल्या. गावचं त्यांचं घर बंद झालं तेव्हा वडील लोंब्या घेऊन मुंबईला यायला लागले. पुढे लग्न होऊन मी परळला आले आणि ते काम माझ्याकडे आलं. मी गिरगावला नवं बांधून आले की गावी कळवायचं, मग तिकडे भाऊ आपल्या दाराला बांधणार, आणि इकडे मी माझ्या. पूर्वी शेजारच्या दुकानातून ट्रंककॉल लावायचे, आता मोबाईल आहे. शब्द मात्र तेच. "गिरगावचं लागलं." तो म्हणायचा, "बरा," आणि फोन ठेवायचा.

मला हे काम आवडायचं असं मी म्हणणार नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, लावणीला माणूस कमी पडत होतं. पण शाळेतसुद्धा मी उभं राहून कधी उत्तर दिलं नाही. येत असलं तरी दिलं नाही. परक्या दारात उभं राहायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी घरात नुसती फिरत राहते, भांडी घासलेलीच पुन्हा घासते. गिरगावच्या घरी बरं एवढंच होतं की तिथे बोलावं लागत नसे. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा स्वतः आतून स्टूल आणायचे आणि धरून उभे राहायचे. मी चढून चौकटीच्या खिळ्याला लोंब्या बांधायची. उतरले की ते विचारायचे, "पाणी कसं झालं यंदा?" मी म्हणायची, "बरं झालं." ज्या वर्षी बरं झालं नसेल त्या वर्षीही तेच. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, मला हळदकुंकू लावायच्या, चहा द्यायच्या. चहा मी बाहेरच्या गॅलरीत बाकावर बसून प्यायची आणि कप धुऊन पालथा घालायची. तांदळाची पिशवी आत जायची, रिकामी होऊन परत यायची.

एवढंच. यंदा शेत तुम्हीच करा असं अण्णांनी कधी म्हटलं नाही. आम्ही करू ना, असं आमच्याकडूनही कोणी विचारलं नाही. पूर्वी पिकातला ठरलेला वाटा जायचा, पुढे अण्णांनीच सांगितलं की गाडीभाडं घालून धान्य कशाला पाठवता, आमच्या जेवणापुरतं पाठवा. नवं लागलं, चहा झाला, की पुढचं वर्ष ठरलं.

अण्णा गेले ते उन्हाळ्यात. त्यांची जुनी चाळ पाडून तिथे नवा टॉवर झाला होता आणि ते सगळे नुकतेच नव्या जागेत राहायला आले होते. त्या दसऱ्याला मी पहिल्यांदाच नव्या दाराशी गेले. खाली वॉचमनने अडवलं.

"किसके यहाँ?"

मी मजला सांगितला.

"कौन आया बोलूँ?"

याचं उत्तर मला येईना. इतकी वर्षं मी तिथे जात होते, पण मी कोण हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांची नातेवाईक नाही. कामवाली नाही. कूळ म्हणावं तर तो शब्द आमच्या घरी अण्णांच्या समोर कधी उच्चारला नव्हता, का ते तेव्हा मला नीट माहीतही नव्हतं. शेवटी म्हटलं, गावची आलीय म्हणून सांगा. तो फोनमध्ये म्हणाला, "गाँव से कोई औरत आयी है, हाथ में घास है."

दार अण्णांच्या मुलाने उघडलं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. लहानपणी सुट्टीत गावी आले होते, बांधावरून चालताना चिखलात पडले होते आणि माझ्या वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन घरी आणलं होतं. ते त्यांना आठवत असेल असं मला वाटत नाही. दार गुळगुळीत, एकही खिळा नसलेलं. मी वर बघत होते, बांधायचं कुठे म्हणून. दादा म्हणाले, "ताई, हे राहू दे आता." मी पिशवी पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला. तांदूळही नकोत म्हणाले. यापुढे काही आणू नका, तुम्हाला एवढ्या लांबून उगाच त्रास. फार नम्रपणे बोलत होते. काकू आतल्या खोलीच्या दाराशी वॉकर धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. दादांनी पाणी आणून दिलं. ते मी अर्धं प्याले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

परतीच्या बसमध्ये लोंब्या मांडीवर होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, कितीला घेतल्या? "दादरला तर हात लावू देत नाहीत," ती म्हणाली, "चार काड्या आणि भाव बघा. जास्त असतील तर मला एक द्या ना." तिला एक दिली असती तर काय बिघडलं असतं? पण ती जुडी त्या दाराची होती. मी पदर घेऊन झाकली.

घरी आले आणि मग माझ्या लक्षात आलं की आता मला माझ्या दारालाही बांधता येणार नाही. गिरगावचं लागल्याशिवाय आपलं लागत नाही. दोन्ही जुड्या मी एका रिकाम्या पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला अडकवल्या. भावाला फोन करायचा होता. मी डाळ शिजत लावली, ती उतरवली, पुन्हा चढवली. शेवटी त्याचाच आला.

"लागला?"

मी झालं ते सांगितलं. तिकडे कोंबडी ओरडत होती ती ऐकू येत होती.

"घेतल्यानी नाय?"

"नाही."

"तांदूळ पण नाय?"

"नाही रे."

"मगे झाला," तो म्हणाला. "जमीन आता आपल्याकडे रवाची नाय." आणि ठेवला.

त्या वर्षी आमच्या दोन्ही दारांना नवं लागलं नाही. शेजारणीने विचारलं, गावाहून आलं नाही का यंदा? मी म्हटलं, गाडी चुकली.

दिवाळी गेली. दार उघडलं-मिटलं की पिशवी हलायची आणि आत दाणे गळल्याचा आवाज व्हायचा. अगदी बारीक आवाज, पण मला ओट्यापाशी उभी असतानाही ऐकू यायचा. पिशवी दुसरीकडे ठेवावी म्हणून काढायची, हातात धरून खोलीभर बघायची आणि परत तिथेच अडकवायची. लोंब्या टाकता येत नाहीत, बांधता येत नाहीत, मग करायचं काय त्यांचं?

पौषात वहिनीचा, भावाच्या बायकोचा, फोन आला. म्हणाली, यांनी यंदा कवळ तोडलं नाही. कवळ म्हणजे झाडांच्या हिरव्या डहाळ्या. थंडीत तोडून वाळत घालायच्या, शिमग्यानंतर शेणागवतासोबत तरव्याच्या, म्हणजे रोपं करायच्या, जागेवर पसरून जाळायच्या. त्याला भाजावळ म्हणतात. भाजावळ झाली की जमीन भाताच्या रोपांना तयार होते. म्हणजे पाऊस जूनमध्ये येत असला तरी आमचं शेत थंडीतच सुरू होतं. भाऊ डोंगरावर जायचं सोडून पडवीत बसून राहायचा. कोणासाठी तोडू, म्हणायचा. एका ओळखीच्याने त्याला गोव्याला हॉटेलात पहाऱ्याचं काम बघितलं होतं. त्या वयात तो खुर्ची टाकून दुसऱ्याच्या फाटकाशी बसणार. वहिनी म्हणाली, एकदा गेले की परत यायचे नाहीत, आणि शेत एक वर्ष पडलं की बांध फुटतात, रान माजतं, मग कोण उभं करणार?

आणि आणखी एक गोष्ट झाली होती. दादा गावी येऊन गेले होते. गाडीतून उतरले, बांधावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढले, आणि गेले. भाऊ पडवीतून बघत होता. वहिनीने गूळ काढून वाटीत ठेवला, तांब्या भरला. दादांनी घराकडे एकदा पाहिलं म्हणे, आणि गाडीत बसले.

"पाणीसुद्धा नाय प्याले," वहिनी म्हणाली. तिला ते जमिनीपेक्षा जास्त लागलं होतं असं मला वाटलं.

आमच्या घरात या गोष्टीवर माझे मिस्टर एकदा बोलले. ते रिटायर झाल्यापासून पेपर मोठ्याने वाचतात, त्यातून मान वर करून म्हणाले, "एवढी चरफडतेस तर जा कोर्टात. भोईवाड्यात आहेच, चालत जाशील. भाडंही पडणार नाही." मी कांदा चिरत राहिले. पण दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना कोर्टावरून गेले तेव्हा माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली, जसं काही कोणी आतून हाक मारील.

संक्रांत झाल्यावर तिळगुळाचं निमित्त करून मी गिरगावला गेले. वॉचमनने मला ओळखलं. "आज घास नहीं लायी?" म्हणाला. दादा घरी होते. त्यांनी मला सोफ्यावर बसायला सांगितलं. त्या घरात मी आजवर बसले नव्हते. काठावर टेकले. तिळगूळ त्यांनी घेतला, मग एकदम म्हणाले, "ताई, तुम्ही रागावला आहात का?"

मी तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. मग तेच बोलत राहिले. अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायला ते वकिलाकडे गेले होते. वकिलाने पहिली गोष्ट विचारली, धान्य घेता का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, घेऊ नका, धान्य घेतलं की तो खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, होतो आणि कसणारा कूळ ठरतो. गावात कोणाच्या घरी बसू-उठू नका, काही खाऊ-पिऊ नका, कोणाला तोंडी काही सांगू नका. दादांच्या चुलत आजोबांची नदीपलीकडची जमीन अशीच गेली होती, ते त्यांच्या घरात अजून बोललं जातं. "तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही," ते म्हणाले. "पण मला यातलं काहीच कळत नाही हो. अण्णांना कळायचं. मला भीती वाटते."

माणूस भीती वाटते म्हणाला की माझा राग राहत नाही. पण माझ्या जिभेवर एक गोष्ट आली होती. कूळकायदा आला तेव्हा गावातल्या चार लोकांनी माझ्या आजोबांना सांगितलं होतं, नाव लाव, जमीन तुझी होईल. आजोबा म्हणाले होते, मालक मुंबईला आहेत, त्यांच्या पाठीमागे कसं लावू? येतील तेव्हा बघू. आणि पुढे मालक आले तेव्हा विषय काढायची त्यांना लाज वाटली. ही गोष्ट आमच्या घरी कधी अभिमानाने सांगितली जाते, तर कधी पोट खपाटीला गेलं की शिवी देऊन. ती दादांना सांगावी का? सांगितली असती तर ती धमकीसारखी वाटली असती. आम्ही तेव्हा लावलं नाही, आता लावू शकतो, असं. मी ती गिळली. मी फक्त शेताचं काय ते विचारलं. दादा म्हणाले, पावसाला अजून खूप वेळ आहे, मे महिन्यात बघू.

मे महिन्यात! तोवर सगळं संपलेलं असतं. हे त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते आत गेले. काकूंनी मला खुणेने थांब म्हटलं, पण मला तिथे आणखी थांबवेना.

घरी येऊन मी नुसती येरझाऱ्या घालत होते. आमच्या खोलीत येरझाऱ्या म्हणजे काय, कपाटापासून मोरीपर्यंत. दादांना तांदूळ घेता येत नाहीत. भावाला ते घेतल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. एकाला वाटतं घेतलं की जमीन गेली, दुसऱ्याला वाटतं घेतलं नाही म्हणजे जमीन गेली. दोघंही घाबरलेत आणि मध्ये मी, जिला बोलता येत नाही. दारामागची पिशवी पुन्हा वाजली. मी ती काढली, ताटात उपडी केली आणि उरलेले दाणे हाताने ओरबाडले. कशासाठी, ते तेव्हा ठरलं नव्हतं. फक्त हातांना काहीतरी हवं होतं.

दाणे निवडताना मनात आलं की तांदूळ घेता येत नाहीत, पण शिजवलेलं काय? शिजवलेलं कोणी खंड म्हणून घेत नाही. शिजवलेलं पाहुण्याचं असतं.

आणि लगेच मी दचकले. त्या घरी आमच्याकडचं कच्चं चालायचं. तांदूळ, नारळ, कोकम, फणस, सगळं. शिजवलेलं कधी गेलं नाही. माझ्या आईने कधी काही करून पाठवलं नाही, मीही नाही. नको असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. मी बाहेरच्या बाकावर चहा प्यायची आणि कप धुवायची, तसंच तेही होतं. आता वकिलाने कच्चं बंद केलं होतं, आणि शिजवलेलं कधी सुरूच झालं नव्हतं. नेलं आणि काकूंनी बाजूला ठेवलं तर? मग पुढे जायला काहीच उरणार नव्हतं. निदान आत्ता भावाला सांगायला "बघू" एवढं तरी होतं.

माझे पुढचे कित्येक दिवस याच विचारात गेले. पीठ दळून आणलं, म्हणजे गिरगावहून परत आलेल्या, दसऱ्यापासून पडून असलेल्या तांदळाचं. लोंब्यांचे दाणे खलबत्त्यात कांडून, फुंकून, बारीक करून त्यात मिसळले. मूठभरच होते. तरी जाते म्हणायची आणि जात नव्हते. मिस्टर म्हणाले, "पिठाला कीड लागली की जा." वहिनीचा निरोप आला की गोव्याहून बोलावणं आलंय, शिमगा झाला की निघणार. तेव्हा मी सकाळी उठून घावणे काढले. नारळाचा रस काढला, गूळ, वेलची घातली. डबा फडक्यात बांधला आणि बसमध्ये चढले. सबंध वाटेवर डबा गरम होता आणि माझे हात गार.

वॉचमनने विचारलं, "क्या बोलूँ?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मी म्हटलं, सांगा, जेवण घेऊन आलीय. तो बोलला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माँजी बोलती हैं, जल्दी भेजो."

काकू टेबलाशी बसल्या होत्या. दादाही होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि लांब उभी राहिले. दादांनी लगेच आईकडे बघितलं. मी म्हटलं, हे तांदूळ नाहीत, घावणे आहेत. पाहुण्यांसाठी करतात. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण काकूंना आला असावा. त्यांनी झाकण काढलं. वास आला. त्या काही क्षण तशाच डब्याकडे बघत बसल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. मग हाताने एक घावण उचलला, रसात बुडवला आणि खाल्ला.

"गोड जरा कमी आहे," त्या म्हणाल्या.

"गूळ कमी होता घरात."

"अगं मग सांगायचं, इथला घेतला असता. बस ना. किती वर्षं उभी राहणार आहेस?"

मी बसले. दादांनीही एक घेतला, उभ्यानेच. मग खुर्ची ओढली. खाता खाता त्यांनी विचारलं की हे तिकडच्याच भाताचे का. मी हो म्हटलं. मग काकू डब्याकडे बघतच मुलाला म्हणाल्या, "नदीपलीकडची ज्यांनी घेतली त्यांनी घेतली. यांनी नाही घेतली. घेता आली असती." दादा खायचे थांबले. अण्णांनी ती आजोबांची गोष्ट काकूंना सांगितलेली असणार, मुलाला मात्र नाही. काकूंनी ती त्यापुढे सांगितली नाही आणि मीही सांगितली नाही.

मग मी बोलले. टेबलाच्या कडेला धरून बोलले. "दादा, मे महिन्यात सांगून चालणार नाही. शिमग्यानंतर भाजावळ असते. ती नाही केली तर भात नाही. भाऊ गोव्याला चाललाय. करू म्हणा नाही तर नको म्हणा, पण आत्ता म्हणा. आणि फोनवर नको. त्याच्या घरी जा, पाणी प्या आणि सांगा. नको सांगायचं असलं तरी पाणी पिऊन सांगा."

एवढं मी आयुष्यात एका दमात कोणाशी बोलले नव्हते. दादा म्हणाले की कागदावर काहीतरी लागेल, वकील तसं सोडणार नाही. मी म्हटलं, ते तुम्ही त्याच्याशीच बोला, तो रागावेल, तरी बोला. ते बराच वेळ बोट रसात बुडवून बसले होते. मग म्हणाले, "यंदाचं वर्ष करू दे. पुढचं मला आत्ता सांगता येणार नाही." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मी घरी येऊन भावाला कळवलं. त्याला आनंद झाला असेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "येवंदे तरी आधी." कवळ त्याने तोडलं नव्हतंच. वहिनीने गवत, पालापाचोळा, शेण, मिळेल ते गोळा करायला घेतलं. तो पडवीतच. शिमगा झाला. गोव्याचा माणूस रोज फोन करत होता. मी इथे मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायला जायला लागले होते, तो हंगाम असतो. मिरच्यांनी हात पेटलेले असायचे, फोन वाजला की पदराने धरायची.

एका दुपारी भावाचा फोन आला. काहीतरी जळल्याचा नुसता कडकड आवाज, आणि मध्येच कोणीतरी जोरजोरात खोकत होतं.

"कोण खोकता रे?" मी विचारलं.

"मालक," तो म्हणाला. "सांगलंय, वाऱ्याच्या तोंडाक उभे रवा नुको. ऐकतत खंय. फोटो काढतत."

"पाणी प्याले?"

"प्याले. आदी गूळ खाल्ल्यानी, मगे पाणी. मगे कागद काढल्यानी."

कागदाचं काय झालं, रागावला का, सही केली का, काही विचारलं नाही. तोही त्यावर काही बोलला नाही. तिकडे दादा काहीतरी विचारत होते, राख किती राहू द्यायची का असं काहीतरी. भाऊ त्यांना ओरडून सांगत होता, अहो तिकडे नको, इकडे या. माझ्यासमोर मिरच्यांचा ढीग होता. डोळ्यांना पाणी आलं ते मिरच्यांचं, म्हणून मी बाजूच्या बाईला सांगितलं.

वर्ष एकच ठरलंय. दसरा पुन्हा येईल, तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही, आणि भावालाही नाही. आतापासूनच मला कधी कधी झोप लागत नाही. परवा काकूंचा फोन आला. त्या मला फोन करायला लागल्यात, गुडघ्यांबद्दल सांगतात, मी ऐकते. बोलता बोलता म्हणाल्या की नव्या दाराला खिळा मारायचा नाही असा सोसायटीचा नियम आहे, म्हणून मुलाने बाजारातून चिकटणारा हूक आणून चौकटीवर लावलाय. त्याने खालून एकदा ओढून बघितला, आला नाही हाताला.

"धरेल का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लोंब्यांना काय वजन असतं, काकू. पण ओल्या फडक्यातून काढल्या की असतं जरा.